आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) शिडाच्या बोटीत पुन्हा पुन्हा पाणी शिरतंय? भोक शोधा, बुजवा आणि पुढची बोट घेताना काय बघायचं तेही ठरवा

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. बोट पाण्यात सोडली तेव्हा झकास चालत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी नाळ (बोटीचं पुढचं टोक) जड वाटायला लागली, वळताना बोट वाऱ्यासमोर अडकून राहिली, आणि काठावर आणून वाकडी केली तर आत खळखळ. मग सिलिकॉन फासलं, टेप चिकटवली. दोन वेळा बरं चाललं, तिसऱ्यांदा पुन्हा तेच.

दुरुस्ती टिकत नाही याचं मुख्य कारण म्हणजे सिलिकॉन लागतं ते पाणी दिसलं तिथे. पाणी शिरलेलं असतं भलतीकडूनच. हलमध्ये (बोटीच्या पोकळ अंगात) आलेला प्रत्येक थेंब घरंगळत सगळ्यांत खोल जागी, म्हणजे कीलच्या बॉक्सजवळ, जाऊन साठतो. (कील म्हणजे बोटीखालचं उभं पातं, आणि ते ज्या खोबणीत बसतं तो तिचा बॉक्स.) त्यामुळे दोष नेहमी कीलवर येतो आणि सुकाणूची नळी नामानिराळी राहते.

थोडंसं पाणी म्हणून दुर्लक्षही करू नका. 650 मिलिमीटर लांबीची ड्रॅगनफोर्स 65 ही बोट भरते साधारण 1.2 किलो. तिच्यात 100 मिलिलिटर पाणी म्हणजे वजनात आठ टक्के भर. शिवाय हे वजन एका जागी बसत नाही. बोट कलली की पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं, वाऱ्याचा झोत आला की पुढे धावतं आणि नाळ खुपसतं. तेवढंच वजन शिशाच्या रूपात तळाशी पक्कं बसवलं असतं तर इतका त्रास झाला नसता.

आधी मोजा, मग शोधा

60 मिलिलिटरची सिरिंज आणि तिला बसेल अशी सहा इंचांची मऊ नळी कायम पेटीत ठेवा. दर वीस मिनिटांनी बोट बाहेर काढून पाणी उपसा आणि आकडा लिहून ठेवा. त्याच्या शेजारी वारा किती होता, बोट किती कलत होती आणि ऊन होतं का, हेही लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की अर्धं निदान झालंच म्हणून समजा.

मंद वाऱ्यात, बोट सरळ उभी चालत असतानाही पाणी येत असेल तर गळती पाण्याच्या रेषेखाली आहे. संशयित तीन: कीलचा बॉक्स, सुकाणूच्या नळीचा खालचा सांधा आणि हलमधली एखादी चीर. फक्त जोराच्या वाऱ्यात, डेकवरून पाणी वाहतं तेव्हाच येत असेल तर वर बघा: शीटची भोकं, झाकण, डोलकाठीचं भोक, डोलकाठीच्या ताणतारांचे हूक, जिबच्या (पुढच्या शिडाच्या) कड्या. (शीट म्हणजे शीड सैल-घट्ट करणारी दोरी. नवीन लोक तिला शीडच समजतात, म्हणून सांगितलं.) टबमध्ये तासभर ठेवली तर आत थेंब नाही, पण तलावात चालवली की भरते, असं असेल तर हलताना उघडणारी फट शोधायची. तिथे बहुधा सुकाणू किंवा कीलच निघतं. आणि कडक उन्हाच्याच दिवशी भरत असेल तर तो प्रकार वेगळा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

वीस मिनिटांत 5 मिलिलिटरच्या आत पाणी निघालं तर ती ओल्या हातांची किंवा आतल्या दमटपणाची कमाई समजा आणि सोडून द्या. 50 च्या वर गेलं तर त्या दिवशी बोट पुन्हा पाण्यात घालू नका.

फुंकर आणि साबणाची परीक्षा

1. डेकवरची सगळी झाकणं बंद करा. शीटची भोकं, डोलकाठीचं भोक यांवर चांगली चिकटणारी टेप लावा.
2. एका भोकात मऊ नळी घालून तिच्याभोवती मळलेली चिकणमाती किंवा मॉडेलिंग क्ले दाबा.
3. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने कीलच्या बॉक्सभोवती, सुकाणूच्या नळीभोवती, हल-डेकच्या सांध्यावर आणि नाळेवरच्या रबरी बंपरच्या मागे लावा.
4. तोंडाने हलकेच फुंका. जिथे बुडबुडे येतील तिथे पेन्सिलीने खूण करा.

कॉम्प्रेसर किंवा सायकलचा पंप अजिबात जोडू नका. पातळ हलला एवढा दाब झेपत नाही. हल-डेकचा सांधा सुटला तर एका गळतीच्या जागी वीतभर गळती होईल.

फुंकर मारूनही काही सापडलं नाही तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा स्केचपेन घ्या. हलच्या आत, कोरडं करून, प्रत्येक संशयित सांध्याभोवती एक रेघ ओढा: कीलच्या बॉक्सच्या चारही बाजूंनी, सुकाणूच्या नळीभोवती बुडाशी एक आणि वरच्या तोंडापाशी एक. शीटच्या भोकांखाली टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा. फक्त पाच मिनिटं बोट चालवा आणि लगेच उघडा. जिथून पाणी आलं तिथली रेघ ओघळलेली दिसते. वीस मिनिटं थांबलात तर सगळ्याच रेघा धुऊन जातील.

सुकाणूची नळी: दहातल्या पाच-सहा वेळा चोर इथेच

सुकाणूचा दांडा एका नळीतून हलमध्ये येतो. नळीचं वरचं तोंड कुठे उघडतं यावर सगळं अवलंबून आहे. नळी थेट डेकपर्यंत गेलेली असेल तर पाणी तिच्यात चढलं तरी बाहेरच्या पातळीपेक्षा वर जाणार नाही, आणि वर गेलंच तर डेकवर सांडेल. पण अनेक बोटींत नळी हलच्या आतच, पाण्याच्या रेषेपेक्षा एखादा सेंटिमीटर वर संपते. वेगात असताना मागचा भाग लाटेत बसतो, दांडा हलत राहतो आणि पाणी पिचकारीसारखं वर येतं. टबमध्ये न गळणारी बोट तलावात का गळते, ते इथे कळतं.

उपाय म्हणजे ग्रीस. तेही नीट भरलं तरच उपयोगी. आधी ट्रान्समीटर आणि बोट चालू करून सुकाणू मध्यावर आणा आणि दांड्यावरच्या हाताची (वरच्या टोकाला बसवलेल्या आडव्या पट्टीची) दिशा पेनने खुणावून ठेवा. ॲलन कीने त्या हाताचा स्क्रू सैल करा, बहुतेक बोटींत तो 1.5 मिलिमीटरचा असतो. सुकाणू खाली ओढून काढा. नळी आतून कापसाच्या काडीने पुसा. काळपट चिखल निघाला तर तो जुन्या ग्रीसमध्ये मिसळलेली वाळू आहे, आणि हीच वाळू नळी आतून घासून रुंद करते. आता सिरिंजने सिलिकॉन ग्रीस नळीत खालून वर भरा, वरच्या तोंडातून दिसेपर्यंत. दांडा गोल फिरवत फिरवत वर सरकवा, म्हणजे हवेचा पोकळ थर राहत नाही. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. पेट्रोलियम जेलीवरही काम भागतं, पण नळीच्या तोंडाशी रबराची ओ-रिंग असेल तर काही प्रकारचं रबर जेलीने फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच वापरा.

दांडा बोटांत धरून आडवा हलवून बघा. हाताला स्पष्ट खडखड जाणवत असेल तर ग्रीस दोन फेऱ्यांतच निघून जाणार. अशा वेळी नळी बदलणं हाच खरा इलाज, आणि बदलताच आहात तर नवी नळी डेकपर्यंत न्या. ते जमत नसेल तर जुन्या नळीच्या वरच्या टोकावर घट्ट बसणारी सिलिकॉनची नळी चढवून उंची किमान 2 सेंटिमीटरने वाढवा. हात मोकळा फिरतो ना, तेवढं पाहून घ्या.

नळीच्या बुडाचा सांधा वेगळा तपासा. बोट उथळ पाण्यात घासली की धक्का सुकाणूला बसतो आणि नळीभोवती केसासारखी गोल चीर पडते. ही चीर वरून ग्रीस लावून बुजत नाही. चाकूच्या टोकाने ती 1 ते 2 मिलिमीटर खोल, इंग्रजी व्हीच्या आकारात खरवडा, 120 नंबरच्या सँडपेपरने आजूबाजूचा भाग खरखरीत करा आणि एपॉक्सी भरा. हलच्या आतून नळीच्या बुडाभोवती एपॉक्सीत कापसाचा भुगा किंवा सिलिका मिसळून जाडसर गोलाई द्या, 6 ते 8 मिलिमीटरची. काटकोनात लावलेला पातळ थर पुढच्या धक्क्याला पुन्हा तडकतो.

एपॉक्सीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी काठावरच्या तात्पुरत्या डागडुजीसाठी ठीक आहे, पण सतत पाण्यात राहणाऱ्या सांध्याला ते काही महिन्यांत मऊ पडतं. जिथे पुन्हा हात घालायचा नाही तिथे 24 तासांत पक्कं होणारं वापरा. सुपरग्लू चिरेत छान शिरतो, पण काचेसारखा ठिसूळ असतो. हलणाऱ्या सांध्यावर त्याचा भरवसा धरू नका.

कीलचा बॉक्स

वन मीटर वर्गातली (शर्यतीच्या एक मीटर लांब बोटींचा वर्ग) बोट भरते किमान 4 किलो, आणि त्यातलं 2.2 ते 2.5 किलो वजन एकट्या कील आणि बल्बचं (कीलच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्याचं) असतं. तेवढं वजन जवळपास 40 सेंटिमीटर खाली लोंबकळतं. बोट कलली की ही लांब तरफ बॉक्सच्या सांध्याला ढकलते, दुसऱ्या बाजूला कलली की उलटं ओढते. दगडावर आदळली तर विचारूच नका.

पण पाण्याइतकंच नुकसान गाडीत होतं. बोट आडवी ठेवून, कील अधांतरी ठेवून नेली तर प्रत्येक खड्ड्याला बल्ब हेलकावे खातो आणि बॉक्सच्या कोपऱ्यात चीर पडते. कील काढून न्या, आणि काढता येत नसेल तर बल्बखाली फोमची उशी द्या. सांधा दुरुस्त केल्यावर महिनाभरात पुन्हा गळला तर तलावातल्या दगडांपेक्षा गाडीकडे आधी बघा.

दुरुस्ती आतून करायची. फायबरग्लासचा हल असेल तर बॉक्सच्या बुडाभोवती खरखरीत करून, ॲसिटोनने पुसून, चौरस मीटरला 80 ते 100 ग्रॅम वजनाच्या काचेच्या कापडाची 25 मिलिमीटर रुंद पट्टी एपॉक्सीत बसवा. हल एबीएस प्लास्टिकचा असेल तर ॲसिटोनने पुसू नका, तो प्लास्टिक विरघळवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. एबीएसला एपॉक्सी मनापासून धरत नाही. त्यापेक्षा एबीएसचेच बारीक तुकडे थोड्या ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून मधासारखी लापशी करा आणि ती चिरेत भरा. ती सुकताना आकसते, म्हणून एक दिवसाच्या अंतराने दोन पातळ थर द्या. जाड थर एकदम दिला तर खालचं प्लास्टिक मऊ पडून हल वाकडा होतो.

कील डेकवरून नटने आवळायची असेल तर नटाखाली रबरी वॉशर हवाच. वॉशर टेकला की आणखी पाव फेरा, बस्स. जास्त आवळला की डेक खाली दबतो, त्याच खळग्यात पाणी साचतं आणि बोल्टच्या आट्यांवरून आत उतरतं.

डेकवरची भोकं

झाकण म्हणून चिकट डॅक्रॉनचं (शिडाचं पॉलिएस्टर) कापड लावणाऱ्या बोटींत ते कापड कडेपासून 10 मिलिमीटर तरी बाहेर जायला हवं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. चिकटवण्याआधी डेक अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. सनक्रीम लावलेल्या बोटांनी दाबलेलं कापड पहिल्याच लाटेत उठतं. एकदा काढलेला तुकडा परत चिकटवू नका, पेटीत चार-पाच कापून ठेवा.

शीट डेकमधून बाहेर येते ते भोक पूर्ण बंद करता येत नाही, दोरी सरकायला हवी. म्हणून भोक नव्हे, उभी नळी हवी: डेकच्या वर 20 मिलिमीटर तरी आणि तोंड मागच्या बाजूला वळलेलं. तोंड पुढे असेल तर ती नाळेवरून येणाऱ्या पाण्याला फनेल होते.

डोलकाठी डेकमधून खाली हलच्या तळावर टेकत असेल तर तिच्या मागच्या बाजूच्या खाचेतून पाणी आत उतरतं. डेकच्या पातळीवर ती खाच 2 सेंटिमीटरभर एपॉक्सीने बुजवा आणि डोलकाठीभोवती रबरी कॉलर किंवा टेप लावा. डेकवरच टेकणाऱ्या डोलकाठीला हा प्रश्नच नसतो. कड्या आणि हूक यांचे स्क्रू एकेक काढून भोकात न्यूट्रल (व्हिनेगरसारखा वास न येणाऱ्या) सिलिकॉनचा थेंब टाकून परत बसवा.

उन्हात भरणारी बोट

सगळं तपासलं, फुंकर मारली, साबण लावला, काही नाही. तरी उन्हाच्या दिवशी पाणी येतंच. याचं उत्तर हवेत आहे. समजा हलमध्ये 5 लिटर हवा आहे आणि काठावर उन्हात ती 45 अंशांपर्यंत तापली. झाकण लावून बोट 25 अंशांच्या पाण्यात सोडली की आतली हवा साधारण सहा टक्क्यांनी आकसते, म्हणजे 300 मिलिलिटरची ओढ तयार होते. ती ओढ भागवायला हवा किंवा पाणी, जे आधी मिळेल ते, आत येतं. डेक टेपने छान बंद केला असेल तर उरतो एकच रस्ता: सुकाणूची नळी. म्हणून डेक जितका उत्तम बंद, तितकी नळीतून ओढ जास्त, असा उलटा प्रकार होतो.

बोट सावलीत ठेवा. पाण्यात सोडण्याआधी झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं हल गार होऊ द्या आणि मगच बंद करा. कायमचा उपाय हवा असेल तर डेकवर सगळ्यांत उंच आणि कोरड्या जागी, डोलकाठीच्या मागे, 1 मिलिमीटरचं श्वासाचं भोक ठेवा. त्यातून येणारे चार थेंब परवडतात.

आतलं इलेक्ट्रॉनिक्स

पाणी शिरणारच असं धरून मांडणी करा. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि बॅटरी तळाला नकोत, डेकच्या खालच्या बाजूला वेल्क्रोने लावा. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड खालच्या दिशेने बांधतात, ते ठीक आहे, पण प्रत्येक फेरीनंतर काढून वाळवा, नाहीतर आत दमट होऊन तोच कुजतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं उघडं टोक सुमारे 31 मिलिमीटर असतं. ते पाण्याच्या रेषेच्या वर आणि शक्यतो उभं ठेवा, पाणी हा सिग्नल शोषून घेतं. कार्बन फायबरचा हल असेल तर टोक डेकच्या बाहेर काढावं लागतं.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तारांजवळ वापरू नका. त्यातलं ॲसिड तांब्यावर हिरवा थर आणतं. तिथेही न्यूट्रल प्रकारच हवा.

खारं पाणी रिसीव्हरवर गेलं तर बॅटरी ताबडतोब काढा, गोड्या पाण्याने धुवा, मग अल्कोहोलने धुवा आणि पंख्यासमोर 24 तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा काही उपयोग नाही, मीठ तिथेच राहतं. फेलसेफ मात्र आजच लावा: सिग्नल गेला की सुकाणू मध्यावर आणि शिडं पूर्ण सैल.

बुडू नये म्हणून

बंद पेशींचा फोम नाळेत आणि मागच्या टोकात कोंबा. किती? बोटीचं वजन ग्रॅममध्ये जितकं, त्याच्या पाऊणपट मिलिलिटर. 1,200 ग्रॅमच्या बोटीला 900 मिलिलिटर. पोहण्याच्या सरावाचे फोमचे लांब दांडे कापून वापरता येतात. तळाशी वाट मोकळी ठेवा, नाहीतर पाणी फोममागे अडकतं आणि सिरिंज तिथे पोहोचत नाही. साधा थर्माकोल टाळा, त्याचे दाणे सुटून विंचच्या (शीट गुंडाळणाऱ्या मोटरच्या) ड्रममध्ये जातात.

पुढची बोट निवडताना

विक्रेता शिडांचे रंग आणि वेग दाखवेल. तुम्ही बोट उलटी करा आणि टॉर्च मागा. सुकाणूची नळी डेकपर्यंत गेली आहे का? कीलचा बॉक्स तळापासून डेकपर्यंत सलग बंद आहे का, की मध्येच उघडा? शीट नळीतून येते की नुसत्या भोकातून? झाकण हात जाईल एवढं मोठं आहे का? आत हात गेला नाही तर वरची अर्धी दुरुस्ती करताच येणार नाही. मागच्या फळीवर पाणी काढायचं बूच असेल तर उत्तम, पण बुचाला ओ-रिंग हवी. नाळेवर रबराचा बंपर हवा. वन मीटर वर्गाच्या नियमांत तर नाळेचे पुढचे 10 मिलिमीटर लवचीक पदार्थाचेच लागतात.

साहित्याचा वाद लोक फार घालतात. साच्यात फुगवून केलेला एबीएसचा हल जड असतो, पण बऱ्याचदा त्याला हल-डेकचा सांधाच नसतो आणि धक्का बसला तर तो तडकण्याऐवजी दबतो. फायबरग्लास हलका, कडक आणि कितीही वेळा दुरुस्त होणारा, पण चीर पटकन पडते. दगडांच्या काठाला, शिकणाऱ्यांच्या गर्दीत एबीएस बरा. दुरुस्तीची हौस असेल तर फायबरग्लास. आणि प्लास्टिकचा पोकळ कील, आत शिसं नाही, अशी खेळण्यातली बोट कितीही न गळणारी असली तरी वाऱ्यात आडवी पडते आणि आडवी राहते, ती घेऊ नका.

सुटे भाग मिळणाऱ्या वर्गातली बोट घ्या: ड्रॅगनफोर्स 65, तिची 950 मिलिमीटरची थोरली बहीण ड्रॅगनफोर्स 95, किंवा वन मीटर. सुकाणू, त्याची नळी आणि कील वेगवेगळे विकत मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. जुनी बोट घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच झाकण उघडून आतला वास घ्या. कुबट वास आणि सर्वोच्या (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) स्क्रूंवर गंज दिसला तर ती बोट गळते, विकणारा काहीही म्हणो. मग किंमत नव्या नळीचा आणि नव्या सर्वोचा खर्च धरूनच ठरवा.